पदविका आणि चिकाची वाटी

गल्लीत पुन्हा कुरडयांचे गहू भिजायला पडले आहेत. कुणी सांगायची गरज नाही, नाकालाच कळतं. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, नुसता ओल्या पोत्याचा वास. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं की पातेल्यातून आंबूस वास उठतो आणि ओट्यावर येऊन बसतो. तिसऱ्या दिवशी तो एका घरचा राहत नाही, अख्ख्या गल्लीचा होतो. बाकीच्या बायांना या वासानं हुरूप येतो. त्या पदर खोचतात, सोरे शोधतात, खाटा गच्चीवर चढवतात. मला मात्र मळमळतं. दोन वर्षं झाली, दर चैत्र-वैशाखात हेच, आणि ‘पित्त झालंय’ म्हणून मी वेळ मारून नेते.

पित्त कसलं आलंय. त्या बिचाऱ्याला मी उगाच बदनाम करते. ही किळस आहे, आणि ती गव्हाची नाही हे मला पक्कं माहीत आहे.

मी धुळ्यात एका खासगी शाळेत बालवाडीला शिकवते. अकरा वर्षं शिकवत होते तोवर कुणाला माझ्या शिक्षणाची आठवण झाली नाही. रडणाऱ्या पोराला गप्प करणं, चड्डी ओली झालेल्या पोराला कुणाला कळू न देता बदलून आणणं, ‘क’ला पोट कुठल्या बाजूला ते पन्नासदा दाखवणं, हे सगळं मी बारावीच्या बळावर करत होते आणि बरं करत होते. मग एक दिवस नोटीस लागली. दोन वर्षांची मुदत. ती संपेल त्या जूनपर्यंत ज्यांच्याकडे पदविका नसेल त्यांनी शाळेत यायचे कष्ट घेऊ नयेत. शब्द हेच नव्हते, पण अर्थ हाच होता.

मग घरी बसून मोबाइलवर शिकायची पदविका घेतली. कुठल्याशा लांबच्या विद्यापीठाची. पदवीचा अर्धा रस्ता चालायचा, दोन वर्षं झाली की पदविका हातात घेऊन बाहेर पडायचं. नावनोंदणी करणारं केंद्र जळगावला, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे कूलरसमोर बसलेले एक सर होते. कूलरचं पाणी बहुतेक महिनाभर बदललं नसावं. त्या घाण वाऱ्यात बसून सर म्हणाले, ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे आजवर कुणी नापास झालेलं नाही.’ मला तेव्हा हे ऐकून बरं वाटलं होतं. आता आठवलं की अंगावर शहारा येतो.

धडे व्हिडिओतून यायचे. एक बाई खोट्या फुलदाणीशेजारी उभी राहून ‘बालकाचा सर्वांगीण विकास’ म्हणायची. इतक्या वेळा म्हणायची की माझ्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा सर्वांगीण वाजायला लागली. पण मी ते ऐकत होते. शाळेतून आलं की दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही अशा उन्हात, ओला टॉवेल मानेवर टाकून वही भरत होते. बाकीचे काय करतात ते मोबाइलवरच्या ग्रुपवर दिसायचं. ‘सर, व्हिडिओ न बघता पुढे कसा ढकलायचा?’ ‘सर, स्वाध्यायाची तयार फाइल टाका ना.’ आणि पहिल्या परीक्षेच्या दिवशी, पेपर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, ग्रुपवर आकड्यांची रांग आली. एक ब, दोन क, तीन अ. खाली हात जोडल्याची चित्रं. धन्यवाद सर, धन्यवाद सर. माझ्यासारख्याच बाया सगळ्या, कुणी अंगणवाडीतल्या, कुणी बालवाडीतल्या. उद्या ह्याच पोरांना ‘खोटं बोलू नये’ शिकवणार. मला तो मोबाइल हातात धरवेना. मी तो धुतलेल्या भांड्यांच्या टोपलीत टाकला, वेळ झाली तेव्हाच उचलला आणि पेपर वही भरताना डोक्यात राहिलं त्याच्या भरवशावर दिला.

एक खरं सांगते, सगळंच काही वाया गेलं नाही. त्या ढीगभर व्हिडिओंत एक धडा होता अक्षरओळखीचा. अक्षरं क्रमानं घोकून घेऊ नका, म्हणे. शिकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातला शब्द घ्या, तो खातो, हाताळतो त्या वस्तूचा, आणि त्या शब्दातून अक्षर काढा. अकरा वर्षं मी पोरांकडून ग गणपतीचा आणि ब बदकाचा घोकून घेत होते. धुळ्याच्या गल्लीत बदक पाहिलंय कुणी? त्या दिवशी मला वाटलं, चला, दोन वर्षांतली ही एक दुपार तरी कारणी लागली.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी किळस त्यांच्यापाशी येऊन थांबते.

अक्का आमच्या शेजारच्या. साक्रीकडच्या, सत्तरीच्या, एकट्या राहतात. नाव यमुनाबाई, पण गल्लीत कुणी त्या नावानं हाक मारत नाही. माझं माहेर पहूरचं. लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा इथली अहिराणी मला निम्मीच कळायची. आमच्याकडची बोली वेगळी, इथली वेगळी. माझं बोलणं ऐकून बाया तोंडाला पदर लावायच्या. अक्कांनी मला जवळ बसवून एकेक वाक्य घोकवून घेतलं. नळावर कसं बोलायचं, भांडताना कसं बोलायचं, सासऱ्यांसमोर किती बोलायचं. ‘बोल, लाजू नको,’ म्हणायच्या, ‘लाजशी ते मुकी ऱ्हाशी.’ म्हणजे शिकवायचा धंदा आमच्या दोघींत आधी त्यांनी सुरू केला.

आणि डोकं? गल्लीत बारा घरं आहेत. कुणाचे गहू किती पायल्या, कुणाच्या गव्हाला तीन पाणी लागतात, कुणाच्या चिकात मागच्या साली मीठ जास्त पडलं होतं, हे सगळं अक्कांना तोंडपाठ. शिजत्या चिकाचं ढवळणं कधी थांबवायचं ते त्यांच्याशिवाय कुणाला उमजत नाही. पाच मिनिटं इकडे तिकडे झाली की चीक गेला. म्हणून ज्या घरच्या कुरडया, त्या घरी अक्का चुलीपाशी. हा मान त्यांनी मागितलेला नाही, तो आपोआप त्यांच्याकडे आला.

आमच्या गल्लीची आणखी एक रीत आहे. कुरडया ज्या घरच्या, त्या घरच्या बाईनं चिकाचा पहिला घास घ्यायचा. तोवर कामाला आलेल्या एकीनंही तोंडात काही घालायचं नाही. पहाटे पाचपासून बाया गच्चीवर राबतात, पण पहिली वाटी घरधनिणीची. का, ते मला माहीत नाही. आहे तसं आहे.

त्या वर्षी शेवटच्या पेपराची तारीख होती महिनाअखेरीची. मी निवांत होते. गहू भिजत घातले, बायांना सांगून ठेवलं. दुसरं पाणी बदलत होते तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला, परीक्षा अलीकडे घेतली आहे, परवा सकाळी दहाला. परवा म्हणजे बरोबर कुरडयांचा दिवस. भिजलेला गहू काही थांबत नाही. थांबवला तर किडे पडतात आणि गटारीत ओतावा लागतो. जळगावच्या केंद्रावर जाऊन पेपर देता आला असता. पण तिथे त्या कूलरसमोर आकड्यांची रांग वाटली जाणार हे ठाऊक होतं, आणि मला तिथे बसायचं नव्हतं. मी घरीच देईन म्हटलं. आता वाटतं, हा माझा शेवटचा स्वच्छ निर्णय.

घरी परीक्षा द्यायची तर नियम असा: खोलीत एकटंच बसायचं. समोर कॅमेरा. दुसरा चेहरा दिसला, दुसरा आवाज आला, की पेपर बंद. ज्यानं हा नियम केला त्यानं आमची घरं पाहिलेली नाहीत. आमच्या गल्लीत भरदिवसा दार लावलं की शेजारी विचारायला येतात, कोण आजारी आहे? मी बायांना आदल्या दिवशी समजावलं, दार वाजवू नका, हाका मारू नका. सगळ्या ‘हो हो’ म्हणाल्या. दार मी लोटून घेतलं. कडी घातली नाही. वर आठ बाया आपल्या घरच्या कुरडया घालतायत आणि खाली आपण त्यांच्यावर कडी घालून बसायचं, हे मला जमलं नाही. तेवढी एक कडी घातली असती तर आज हे लिहायला बसले नसते.

दहाला सुरू झालं. वरून सोऱ्याची करकर, बायांचं हसणं, पंखा मंद, आणि पडद्यामागं आदल्या दिवशीच्या चोथ्याची बादली. बाहेर न्यायची राहून गेली होती. त्या आंबट वासात मी पस्तीसाव्या प्रश्नापर्यंत पोचले. प्रश्न होता, मूल उपाशी आल्याचे लक्षात आल्यास शिक्षिकेने प्रथम काय करावे? चार पर्याय. मी ‘खायला द्यावे’वर बोट ठेवलं, तेवढ्यात लोटलेलं दार बाहेरून उघडलं.

अक्का. हातात पितळी वाटी, वाफाळता चीक, वर तुपाची धार आणि साखर. त्या बोलल्या फार नाहीत, मी आवाज करू नका म्हटलं होतं ना. कुजबुजल्या फक्त, ‘उपाशीपोटी काय परीक्षा देस व? बाया खोळंबेल शेत. एक घास खाई ले.’ आणि सकाळच्या धांदलीत माझा राहून गेलेला पहिला घास माझ्या तोंडात घातला. त्यांनी दार वाजवलं नव्हतं, हाक मारली नव्हती. सांगितलेलं सगळं पाळलं होतं.

मोबाइलचा पडदा पांढरा झाला. त्यावर लाल अक्षरं: दुसरी व्यक्ती आढळली, परीक्षा थांबवण्यात आली आहे. माझ्या तोंडात चीक होता. तो थुंकावा की गिळावा मला कळेना. अक्का लाल अक्षरांकडे बघून म्हणाल्या, ‘झाया का पेपर? बरं झायं,’ आणि बायांना जेवायला वाढायला वर निघून गेल्या. त्यांना वाचता येत नाही. फक्त सही येते. कुठल्या काळी कुणीतरी रात्रीच्या शाळेत शिकवलेली.

तीन दिवसांनी पत्र आलं. गैरप्रकार. खुलासा करा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा बसा. सहा महिने म्हणजे जून गेला, नोकरी गेली. मी जळगावला धावले. सर तिथेच, कूलर तोच, पाणीही तेच असावं. ग्रुपमधल्या झाडून सगळ्या पास होणार होत्या. गैरप्रकार फक्त माझा होता. सरांनी माझं रडगाणं अर्धंच ऐकलं आणि हसले. ‘म्हातारी आहे ना? मग सोपं आहे. लिहून द्या, वयामुळे डोकं चालत नाही, भान राहत नाही. तिची सही आणा. आपण असे कितीतरी सोडवलेत.’ आणि समोरच्या मशीनमधून त्यांनी कागद काढला. तयारच होता. फक्त नाव भरायचं. म्हणजे माझ्याआधीही कुणाकुणाच्या आया, आज्या, सासवा त्या कागदावर वेड्या झाल्या होत्या.

आमचे हे नरडाण्याला कारखान्यात आहेत. संध्याकाळी आल्यावर त्यांना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. ‘काय फरक पडतो,’ म्हणाले, ‘अक्कांना कोण सांगायला जातंय.’ मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मी अगदी हेच शब्द बसमध्ये स्वतःशी म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी अक्का ओट्यावर हरभरे निवडत होत्या. मी म्हटलं, परीक्षेच्या कागदावर तुमचं काम आहे. शाईची डबी मी बरोबर नेली होती, अंगठ्यासाठी. ती बघून अक्कांनी मान झटकली. ‘अंगठा नई. सही करस मी.’ हात धुतले, पदराला पुसले, पेन हातात घेतलं. एक-एक अक्षर खोदत होत्या. ‘मु’ लिहिताना थांबल्या, उकार कुठून घ्यायचा ते मला विचारलं, आणि मी दाखवला. माझ्या बोटानं दाखवला. सही झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. ‘यामा काय लिखेल शे?’

‘तुम्ही मला खाऊ घातलंत, असं लिहिलंय,’ मी म्हटलं.

त्या इतक्या खूश झाल्या की मला तिथून उठवेना. ‘मंग एक कागद माले बी दे. मन्ही सही शे ना.’ मी नाही कशी म्हणणार होते? झेरॉक्स आणून दिली. ती त्यांनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली, अशी घडी घालून की सही तेवढी वर दिसावी. आल्यागेल्याला दाखवतात. सून, लेक, दूधवाला. सगळे सही बघतात, वाहवा करतात, घडी कुणी उघडत नाही. पिशवी बाहेर निघाली की मी काहीतरी काम काढून उठते. दोन वर्षं मी अशी उठते आहे.

पदविका आली. प्रथम श्रेणी. शाळेच्या कारकुनानं तिची झेरॉक्स घेतली, न वाचता फायलीत लावली आणि विचारलं, ‘अजून काही?’ एवढ्यासाठी. अक्षरशः एवढ्याच कागदासाठी. मूळ प्रत माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. कुणी पाहुणे आले की हे म्हणतात, फ्रेम करून लावू. मी म्हणते, भिंतीला ओल आहे. धुळ्यातल्या भिंतीला ओल. तेही कुणी तपासत नाही.

ग्रुपवरच्या बायांची मला शिसारी येते असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. त्यांनी उत्तरं चोरली, मी चोरली नाहीत. पण त्यांनी चोरली ती कुठल्याशा विद्यापीठाची चार अक्षरं. मी जिनं मला इथली भाषा दिली तिचं भान काढून घेतलं, तिच्याच सहीनं, उकार दाखवून. आता सांगा, जास्त घाण कुणाच्या हाताला?

यंदा चैत्र लागल्यावर अक्का आमच्याकडे आल्या त्या हातात पाटी घेऊन. नवी कोरी, बाजारातून आणलेली. काखेत ती दुधाची पिशवी. ‘तू पोरेस्ले शिकाडस. माले बी शिकाड.’ मी म्हटलं, अक्का, आता या वयात कशाला? त्यांनी पिशवीतून कागद काढला, घडी उघडली, मांडीवर हातानं सपाट केला. ‘सही येस माले. वरलं काय लिखेल शे ते मन्हं मीच वाचसू.’

माझ्याकडे पदविका आहे. नवशिक्याला अक्षरओळख करून देण्याची, प्रथम श्रेणी. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

रोज दुपारी आम्ही बसतो. ओट्यावर सावली येते तेव्हा. मी तो एकच धडा वापरते. म मिठाचा, ल लसणाचा, त तिळाचा, ह हरभऱ्याचा, र रव्याचा, न नळाचा. अक्का पोरांपेक्षा लवकर शिकतात, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मीच रेंगाळते. त्या कागदात जे अक्षर नको तिथे आहे ते मी टाळत आले. आधी च घेतला, मग ग, मग स. कागदात कुठेही न येणारा छत्रीचा छसुद्धा दोन दिवस गिरवून घेतला. अक्का गिरवत होत्या, पण माझ्याकडे बघत होत्या. लोणचं पातळ झालंय की नाही ते त्या बरणी न उघडता सांगतात, तशा.

आज धडा झाल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. ओळखीची अक्षरं बोटानं शोधत, जोडत निघाल्या. ‘म... ला... मला.’ पुढच्या शब्दावर बोट अडलं, पहिलंच अक्षर अनोळखी. तो शब्दच सोडून बोट पुढे सरकलं. ‘रा... ह... त... राहत. ना... ही... नाही.’ श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मधली जागा रिकामी सोडून. मग मान वर केली.

‘मला, राहत नाही. काय ऱ्हात नई व माले?’

वरच्या गच्चीवर कुणीतरी खाट ओढत होतं. वास तर होताच. आमच्याही गव्हाचं आज तिसरं पाणी, उद्या आमच्या कुरडया. उद्या अक्का चुलीपाशी बसतील आणि पहिली वाटी माझ्यासाठी भरतील, दोन वर्षं मी ती पित्ताच्या नावाखाली परत पाठवते आहे तरी. तोंडानं सांगून मोकळं व्हायची हिंमत माझ्यात नाही. ती असती तर त्या दिवशी शाईची डबी नेली नसती. पण शिकवायचं मला येतं. म्हणून ठरवलं, उद्या बाया वर चढायच्या आधी अक्कांना खाली बोलवायचं. आधी पाटी, मग वाटी. पाटीनंतर वाटी आली तर मी ती आठ बायांसमोर बसून खाईन. नाही आली तर तेही बरोबर आहे.

‘उद्या कळेल,’ मी म्हटलं. ‘त्या ओळीतलं तेवढं एकच अक्षर राहिलंय तुमचं.’

‘कोनतं?’

‘भ.’

अक्कांनी पाटी मांडीवर घेतली, जणू आजच गिरवून टाकायचा. ‘भ कशाना?’

‘भाकरीचा,’ मी म्हटलं.